वेळ कोणी द्यावयाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी कारंजा येथे दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी थोडे आटोपते घेतले आहे.)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला मंडळ दरवर्षी कोणा विदुषीला बोलाविते. यंदा ती जागा जिल्हा परिषदेच्या एका शाळामास्तरणीला मिळाली आहे, आणि तीही वजने उचलणारी. चिटणीसबाईंनी विषय कळविला तो असा : ‘ज्युदो, भारोत्तोलन यांसारखे व्यायाम करून मुलींना नोकरी आणि शिक्षण सांभाळता येते काय?’ आणि जाता जाता हळूच म्हणाल्या, ‘मुलींच्या आयांना जरा समजावून सांगा हो.’ मी होकार दिला. परंतु गेले पंधरा दिवस विचार करताना मला असे वाटू लागले की, आयांना समजावून सांगण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. त्यांना सगळे समजते. अडचण दुसरीच आहे, आणि तिच्याकडे मी हळूहळू येणार आहे.

प्रथम भीतीची गोष्ट उरकून टाकू. बाईने जड उचलू नये, अंगात पुरुषी राठपणा येतो, पोटाला अपाय होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. भगिनींनो, स्पर्धेत बायकांना जो लोखंडी दांडा देतात तो नुसता १५ किलोचा असतो. पुरुषांचा २० किलोचा. बायकांचा थोडा बारीकही असतो, मुठीत नीट बसावा म्हणून. आता आपल्या घरचा पितळी हंडा आठवा. पंधरा-सोळा लिटर पाणी म्हणजे पंधरा-सोळा किलो, वर हंड्याचे वजन निराळेच. आमच्या वर्गात नवी आलेली मुलगी ज्या दांड्याकडे घाबरून पाहते, त्याहून जड वस्तू ती नवव्या-दहाव्या वर्षापासून डोक्यावर घेऊन चालत आलेली असते. कापसाचा फाटा, तुरीच्या पऱ्हाट्या, सोयाबीनच्या गंजीवरचे भारे, हे सारे कोण उचलते? त्या वेळी कोणाला पुरुषी राठपणाची आठवण होत नाही. फरक एवढाच की हंडा कसा उचलावा हे आपल्याला कोणी शिकविले नाही, आणि दांडा कसा उचलावा हे शिकवितात. पाठ ताठ, ओझे अंगाशी, जोर मांड्यांचा. एवढे तीन शब्द माझ्या आईला कोणी वेळेवर सांगितले असते, तर पन्नाशीनंतर ती कंबरेत वाकून चालली नसती.

राठपणाचे म्हणाल तर, पुरुषाच्या शरीरात स्नायू फुगविणारा जो स्राव असतो तो स्त्रीच्या शरीरात त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही नसतो. तेव्हा वजन उचलल्याने बाईचा पैलवान होत नाही. हाडे मात्र बळकट होतात, आणि पाळी गेल्यावर ज्यांची हाडे ठिसूळ होतात त्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट लहान नव्हे. गरोदर बाईने आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईने डॉक्टरांना विचारल्यावाचून काही करू नये, एवढी सूचना देऊन हा विषय मी सोडते.

ज्युदोबद्दलही एकच सांगते. लोकांना वाटते, तेथे दुसऱ्याला आपटावयास शिकवितात. पहिले कित्येक आठवडे आम्ही फक्त पडावयास शिकतो. मागे पडणे, कुशीवर पडणे, पुढे पडून लोळण घेणे. मान आत घ्यावयाची आणि हात जमिनीवर फटकन मारून आपटीचा जोर वाटून टाकावयाचा. परवा आमच्या शाळेच्या ओल्या पायऱ्यांवरून माझा पाय सटकला. सोबतच्या शिक्षिका किंचाळल्या. मी उठून पदर झाडला आणि हजेरीपट घेऊन वर्गात गेले.

आता मुख्य प्रश्न. नोकरी, शिक्षण आणि हा व्यायाम एकत्र चालतो काय? ज्यांनी या विद्या उभ्या केल्या त्यांच्याकडे पाहिले तर उत्तर सोपे वाटते. जपानात १८८२ साली जिगोरो कानो यांनी ज्युदोची शाळा काढली, तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते. तोकिओतल्या एका मंदिरात बारा चटयांची जागा, एवढीच ती शाळा. हे गृहस्थ पैलवान नव्हेत, विद्यापीठात शिकलेले अध्यापक होते. पुढे शिक्षकांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. कराटे जपानच्या मुख्य भूमीवर नेणारे गिचिन फुनाकोशी हे तर ओकिनावा बेटावरचे आमच्यासारखेच प्राथमिक शाळेचे मास्तर. दिवसभर मुले शिकवावयाची आणि रात्री कंदील घेऊन गुरूच्या घरी जाऊन अंगणात सराव करावयाचा, असे त्यांनी वर्षानुवर्षे केले. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला फार धीर आला. मास्तरकी आणि ही विद्या यांचे वैर नाही, असे माझ्या मनाने घेतले.

नंतर एकदा ते पुन्हा वाचताना मनात आले की, फुनाकोशी मास्तर रात्री कंदील घेऊन निघत, तेव्हा घरची चूल कोण विझवीत असे? पुरुषांच्या चरित्रांत हा प्रश्न सहसा येत नाही. बायकांच्या चरित्रात तो पहिल्याच पानावर येतो. केइको फुकुदा नावाच्या एक बाई होत्या. ज्या गुरूंकडे कानो तरुणपणी जुजुत्सू शिकले, त्यांची ही नात. उंची पाच फुटांहून कमी. १९३५ साली त्या कानोंच्या शाळेत शिकू लागल्या. लग्न जुळत आले तेव्हा ज्युदो सोडावा लागेल असे दिसले, म्हणून त्यांनी लग्नच केले नाही. बायकांना पाचव्या श्रेणीच्या वर चढवावयाचे नाही असा तेथे दंडक होता. त्यामुळे १९५३ साली मिळालेल्या पाचव्या श्रेणीवर त्या एकोणीस-वीस वर्षे अडकून राहिल्या. २०११ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्यांना अमेरिकेत दहावी श्रेणी मिळाली आणि २०१३ मध्ये त्या वारल्या. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. परंतु आमच्या मुलींपुढे मी त्यांचे उदाहरण ठेवीत नाही. लग्न किंवा ज्युदो यांतले एक निवड, असे ज्या विद्येला सांगावे लागते तिच्या व्यवस्थेत काहीतरी चुकते आहे, असे मी समजते.

माझे स्वतःचे सांगते. आमच्या भागातल्या बहुतेकांची व्यायामाची पंढरी म्हणजे अमरावती. १९१४ साली वैद्य बंधूंनी तेथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. याच मंडळाच्या मुलांनी १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि आपले देशी खेळ करून दाखविले. त्या गावाच्या हवेतच व्यायाम आहे. कॉलेजात असताना मी अमरावतीला ज्युदो शिकले आणि तेथेच प्रथम दांड्याला हात लावला. सुटीत घरी येताना मूर्तिजापूरला उतरून कधी मौजेने शकुंतलेत बसावे. आता ती गाडी बंद झाली, तरुण मुलींना ती ऐकूनच ठाऊक असेल. चालत्या गाडीतून उतरून बोरे वेचावीत आणि पुन्हा बसावे, इतकी तिची चाल सावकाश, असे लोक म्हणत. घाई असली की मुकाट्याने एस्.टी. धरावी.

पुढे नोकरी लागली, लग्न झाले, दोन मुले झाली आणि नऊ वर्षे सारे सुटले. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. मी कोणाला विचारलेही नव्हते. २००९ साली चौतिसाव्या वर्षी मला एकाएकी दोन गोष्टींचा ध्यास लागला. बहिःस्थ एम्.ए. करावयाचे आणि व्यायाम पुन्हा सुरू करावयाचा. आणि घरात कोणाला तोशीस पडू द्यावयाची नाही, हा तिसरा हट्ट. हाच हट्ट मला भोवला.

मी पहाटे साडेतीनला उठू लागले. एक तास अभ्यास, मग परसात दांडा आणि बैठका, मग सडा, पाणी, स्वयंपाक, डबे, मग शाळा. संध्याकाळी गावातल्या दोन मुलींना घेऊन ज्युदो, रात्री पुन्हा पुस्तक. आठवड्याचे सहाही दिवस. झोप साडेचार तास. शेजारणी कौतुकाने म्हणत, ‘मास्तरीनबाईच्या अंगात मोठी हिंमत!’ ते ऐकून मलाही बरे वाटे.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी तिसरीच्या वर्गात एक मुलगा उभा राहून धडा वाचीत होता, आणि मी खुर्चीतच झोपले. जाग आली तेव्हा तो मुलगा तसाच उभा होता. एकच ओळ पुन्हापुन्हा, अगदी हलक्या आवाजात वाचीत होता. थांबला असता तर शांततेने मला जाग आली असती, आणि पुढे गेला असता तर त्याचा धडा संपला असता. आठ वर्षांच्या पोराने एवढा विचार केला होता. मला त्या क्षणी जी लाज वाटली ती आजतागायत गेलेली नाही. त्याच महिन्यात कंबर धरली, ती सव्वा महिना सुटली नाही. आणि एम्.ए.च्या पहिल्या वर्षाचा एक पेपर राहिला.

अमरावतीला जाऊन मी जुन्या गुरुजींना भेटले. ते खूप वृद्ध झाले होते. माझा दिनक्रम ऐकून त्यांनी एकच विचारले, ‘यात झोप कोणत्या वेळापत्रकात लिहिली आहे?’ मी म्हटले, ‘उरलेली वेळ झोपेची.’ ते म्हणाले, ‘मग उलटे कर. आधी झोप लिही, उरलेल्यात बाकीचे बसव. वजन उचलताना अंग मोडते, ते जुळते झोपेत. तू नुसती मोडते आहेस.’

हे कागदावर मांडले तेव्हा हिशेब जमेना. सात तास झोप, शाळेचे सहा-सात, जाणे-येणे, अभ्यासाचे दोन, आणि घरकाम. घरकामाची बेरीज केली तर ती शाळेच्या नोकरीएवढीच भरली. काहीतरी सोडणे भाग होते. मी एम्.ए. सोडावयाचे ठरविले आणि तसे घरी बोलून दाखविले.

आमच्या सासूबाई तेव्हा पासष्टीच्या होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, कष्टाने काळवंडलेल्या आणि बोलावयास फटकळ. माझ्या या उद्योगावर त्यांनी तोपर्यंत बरे-वाईट एक अक्षर काढले नव्हते. त्या दिवशी चुलीपुढून म्हणाल्या, ‘जाय माय तू. सकायच्या पोया म्या करतो. म्या जलमभर ओझं वाह्यलं, मले कोनं बिल्ला देल्ला नाही. तू उचलतं तं निदान बिल्ला तरी भेटते.’ दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या पोळ्या त्यांच्याकडे गेल्या. त्या पोळ्या करू लागलेल्या पाहून यजमानांना पाणी भरावे लागले. आईच्या वयाकडे पाहून म्हणा, की शरमेने म्हणा. पहिल्या आठवड्यात त्यांनी मुलांच्या डब्यातल्या भाजीत दोनदा मीठ घातले होते, तेही आम्ही सर्वांनी मुकाट्याने खाल्ले. मला सकाळचा सव्वा तास मिळाला. त्या सव्वा तासावर पुढचे सारे उभे आहे. एम्.ए. झाले, विभागीय स्पर्धेत तिसरा क्रमांक आला, तो बिल्ला सासूबाईंच्या पेटीत त्यांच्या नथीशेजारी होता. त्या वारल्या तेव्हा तो मी परत घेतला.

म्हणून कोणी मला ‘तुम्हाला वेळ कसा सापडतो?’ असे विचारले की मला हसू येते. वेळ हा काही पडवीत हरवलेला करदोडा नव्हे सापडावयाला. तो कोणीतरी आपल्यातला काढून दिलेला असतो.

ही गोष्ट माझ्यापुरती नाही. मोठ्यांचीही तीच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत शिकत कुस्ती करीत. १९५२ साली हेलसिंकीला जावयास पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे ते पोलीस खात्यात नोकरीला लागले. मणिपूरच्या मीराबाई चानू खेड्यातून इंफाळला सरावाला जात, तेव्हा वाळूचे ट्रक चालविणारे त्यांना फुकट नेत. २०२१ साली तोकिओला २०२ किलो उचलून रौप्यपदक घेऊन आल्यावर त्यांनी त्या दीडशेच्या आसपास ट्रकवाल्यांना बोलावून जेवू घातले. सांगलीचे संकेत सरगर वडिलांच्या पानटपरीवर बसत आणि सराव करीत. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत २४८ किलो उचलून, अवघ्या एका किलोने सोने हुकून, त्यांनी रौप्य मिळविले. कोपर दुखावले असताही शेवटची उचल त्यांनी सोडली नाही. त्यांची धाकटी बहीण काजोल हिने त्याच वर्षी खेलो इंडियात ४० किलो गटात सुवर्ण घेतले. आणि पुणे जिल्ह्यातल्या वडगाव मावळची हर्षदा गरुड! २०२२ च्या मे महिन्यात ग्रीसला कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ७० आणि ८३, मिळून १५३ किलो उचलून तिने सुवर्णपदक मिळविले. तसे करणारी ती पहिली भारतीय. तिचे वडील तरुणपणी स्वतः वजने उचलीत. आपले राहिले ते मुलीकडून व्हावे म्हणून त्यांनीच तिला तालमीत नेले. घर गहाण ठेवणारे प्राचार्य, ट्रकवाले, वडील. कोणाचेही नाव घ्या, पाठीमागे कोणीतरी आपले काही काढून देणारे उभे दिसते.

आता मुलींसाठी थोडे व्यवहाराचे. मी करते ते सांगते, ज्याला जसे जमेल तसे घ्यावे. वजनाचे दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार. ज्युदोचे दोन, मंगळवार आणि शनिवार. बुधवार, शुक्रवार आणि रविवार मोकळे. फार तर चालावे. एकाच दिवशी दोन्ही करू नये. जड उचलून थकलेल्या हातांनी जोडीदाराची पकड धरली की दुखापत होते, आणि ती बहुधा जोडीदाराला होते. आठवड्याला अर्धा किंवा एक किलो वाढला तरी पुष्कळ. ज्या आठवड्यात वाढत नाही त्या आठवड्यात वाढवू नये. सर्वांत अवघड सूचना हीच आहे; हुशार मुलींना ती मुळीच पटत नाही.

परीक्षेच्या महिन्यात बहुतेकजणी सगळे सोडून देतात आणि मग परत येत नाहीत. सोडू नये, अर्धे करावे. एक दिवस वजन, एक दिवस ज्युदो, चाळीस मिनिटांत घरी. कमावलेली ताकद टिकवावयास, ती कमाविताना लागली त्याच्या निम्म्यानेही काम भागते. सोंगणीच्या दिवसांतही तेच. दिवसभर शेतात वाकलेल्या मुलीला मी संध्याकाळी दांडा धरू देत नाही, पाठ मोकळी करावयाचे प्रकार करून घरी पाठविते. दहावी-बारावीच्या मुलींनी आठ तासांहून कमी झोपू नये. रात्री बारापर्यंत पुस्तक उघडे ठेवून डुलक्या घेणे याला अभ्यास म्हणत नाहीत.

खाण्याचे पुष्कळ बोलता येईल, पण वेळ झाली आहे. अलीकडच्या पाहणीत आपल्या महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या चोपन्न बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा मुलीला आधी वजन देण्यात अर्थ नाही. आधी रक्त तपासावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळावे. आणि एक गंमत पाहा. सोयाबीन हे आपल्या वाशीम जिल्ह्याचे मोठे पीक. त्यात तूरडाळीच्या दीडपटीने प्रथिने. ते आपण पोत्यात भरून बाजार समितीत नेतो आणि आपल्या मुलींना शिळी पोळी नि चहा देतो. नऊ वाट्या गव्हाला एक वाटी भाजलेले सोयाबीन घालून दळले तर पोळीला वासही येत नाही. कच्चे मात्र कधी खाऊ नये. शेंगदाणे-गूळ, फुटाणे, मोड आलेले मूग, ज्यांना चालते त्यांना अंडे. डब्यातल्या महागड्या भुकटीवाचून आमच्या मुली उचलतात.

आणि आता ज्यासाठी मी इतका वेळ घेतला ते सांगते.

आमच्या वर्गाला गेल्या काही वर्षांत ज्या मुली आल्या त्यांतल्या निम्म्याहून अधिक सोडून गेल्या. दुखापतीने एकही गेली नाही. नापास होऊन एकही गेली नाही. भावाला डबा द्यावयाचा असतो, आई मजुरीला गेल्यावर धाकटे सांभाळावयाचे असते, लग्न होते.

सध्याच्या मुलींपैकी एक दिवसा औषधांच्या दुकानात काम करते आणि बहिःस्थ बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे नाव सांगत नाही. तिची उचल पाहून मला माझे तरुणपण आठवते, आणि खरे सांगावयाचे तर थोडा हेवाही वाटतो. तिचे लग्न ठरले. मुलगा चांगला, घर चांगले. निरोप आला की, लग्नानंतर हे वजनाचे बंद. मुलगी माझ्याकडे येऊन बसली, रडली नाही, काही बोललीही नाही. पदराच्या टोकाला उगाच पीळ घालीत बसली.

मी तिच्या होणाऱ्या सासूबाईंना भेटावयास गेले. जाताना वाटेत मी मनात सारे भाषण तयार केले होते. राठपणा, हाडे, हर्षदा गरुड, मीराबाई, सगळे. त्यांनी चहा केला, माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘बाई, ते वजनाचं मले काही वाईट नाही वाटत. पोरगी गुनाची आहे. पन नळ सकाळी साडेपाचले येते अन् सातले जाते. माहे गुडघे गेले. पोरगं रातपाळीहून सातले येते. सकायचं पानी कोन भरन?’

भगिनींनो, माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी तशीच उठून आले. गेल्या महिन्यापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. त्या बाई वाईट नाहीत, मागासलेल्याही नाहीत. त्या हिशेब विचारीत आहेत, आणि तो हिशेब बरोबर आहे. माझ्या वेळी तो आमच्या सासूबाईंनी चुकता केला. सर्वांना तशा सासूबाई कोठून मिळणार?

तेव्हा मंडळाकडे मी दोन गोष्टी मागते. माझा वर्ग आज एका जुन्या गोदामात सकाळी भरतो, कारण संध्याकाळी तेथे माल उतरतो. सकाळ हीच तर नळाची वेळ. आपला हा हॉल सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार संध्याकाळी साडेसहा ते आठ रिकामा असतो. भजनाचा वार बुधवार आहे, ते मी पाहून ठेवले आहे. तो मिळाला तर नळ आणि व्यायाम यांचे भांडणच मिटेल. दुसरे असे की, संध्याकाळी मुली येतात-जातात तेव्हा घरच्यांना जाणते माणूस हवे असते. आपल्यापैकी दोघी-दोघींनी पाळीपाळीने येथे येऊन बसावे. वाती वळीत बसा, गहू निवडीत बसा, नाही तर पडावयास शिका. साठीच्या बाईला ते आमच्या मुलींपेक्षा अधिक उपयोगी आहे. ज्यांची लहान मुले घेऊन येणाऱ्या आया असतील, त्या मुलांना मांडीवर घ्या. महिन्यातून दोन संध्याकाळ प्रत्येकीच्या वाट्याला येतील, अधिक नाही.

लोखंड जमिनीवर आदळल्याने फरशी फुटेल ही खजिनदारबाईंची शंका मला ठाऊक आहे. खाली रबराची जाड चटई आणि तिच्याखाली लाकडी फळ्या घालू; गोदामातही तसेच केले आहे आणि तेथली फरशी शाबूत आहे, कोणीही येऊन पाहावी. फळ्या आणि दांडा आणावयास आमच्या गावच्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर देऊ केला आहे. रविवारी दुपारपर्यंत तो रिकामा आहे. हॉलची किल्ली कोणाकडे असते हे मला माहीत आहे. व्याख्यान संपल्यावर मी त्यांच्याच शेजारी जाऊन बसणार आहे.